चार गिअर मागे

ताईला त्या गावात एकाच घरात दिली होती, पण तिचा भाऊ साऱ्या गावाचा मेहुणा होऊन बसला होता. खाणीवरचे हमाल त्याला मेहुणा म्हणत, पंक्चरवाला म्हणे, ज्यांची अजून लग्नंही ठरली नव्हती ते तरुणसुद्धा म्हणत. बहिणीकडे चार दिवस म्हणून आलेला माणूस वर्ष उलटलं तरी गेला नाही, की त्याचं नाव आपोआप गळून पडतं. तो यावर हसायचा. आपणच आधी हसलं की माणसं लवकर गप्प होतात, एवढं त्याला कळलं होतं.

दाजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, एक जुना ट्रक होता. त्याचा मूळचा रंग कोणता, यावर घरात दोन मतं होती. नदीच्या बंधाऱ्याची उंची वाढवायचं काम चाललं होतं. खाणीत यंत्राने दगड भरून घ्यायचा आणि बंधाऱ्यावर नेऊन ओतायचा. दाजी चालवत, मेहुणा भरताना-उतरवताना मदतीला. नदीला पाणी चढायच्या आत काम उरकायचं होतं, त्यामुळे मुकादम कोणाची वाट पाहत नसे. सकाळी रांगेत गाडी दिसली तर तुमची, नाही तर तुमची जागा मागच्याची.

एका दुपारी भरलेला ट्रक खाणीच्या खड्ड्यातून वर निघत असताना मागून कडकन आवाज झाला आणि गाडी डाव्या अंगाला बसली. मेहुणा खाली सरपटला. मागच्या दोन चाकांना जोडणारा ॲक्सल, ज्याच्या मधल्या फुगीर पोटात दातेरी चाकं तेलात फिरत असतात, तो डाव्या पाट्यांजवळ, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी स्प्रिंगांजवळ, तडकला होता. तडा दोन रंगांचा होता: वरचा भाग गंजून काळा, म्हणजे कधीचा तरी जुना, खालचा भाग चांदीसारखा, आजचा. तेल थेंबथेंब गळून मातीत जिरत होतं.

दाजीही शेजारी येऊन पाठीवर पडले. बराच वेळ दोघं वर बघत राहिले.

“जोडता येईल?” दाजींनी विचारलं.

“नाही. सगळा भार इथेच येतो. ॲक्सलच बदलायला लागेल.”

उत्तर बरोबर होतं. पण प्रश्न पुरता संपायच्या आत ते आलं होतं, आणि दाजींनी मान वळवून त्याच्याकडे जे पाहिलं, ते त्यासाठीच.

मेहुणा मूळचा वेल्डर. लांबच्या शहरात एका कारखान्यात फाटकं, जिने, टाक्यांची स्टँडं करायचा. हात इतका सरळ, की त्याच्या जोडाची शिवण बघून लोक म्हणत, घासून गुळगुळीत करायची गरजच नाही. मग त्याने जोडलेलं एक टाकीचं स्टँड भरल्या टाकीसह कलंडलं आणि खाली रंग देत असलेल्या माणसाचा पाय चिरडला. मालक म्हणाला, लोखंडच हलकं होतं. रंगारीही म्हणाला, तुझा काही दोष नाही, आणि दवाखान्यात स्वतःच्या हाताने त्याला केळं सोलून दिलं. त्या केळ्यानंतर मेहुण्याने वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला नव्हता. ताईकडे आला तेव्हा म्हणाला, डोळ्यांना त्रास होतो. कोणी जास्त खोदलं नाही. दाजींची आई तेवढी अधूनमधून त्याच्या ताटाकडे बघून म्हणायची, डोळे दुखतात पण जेवण बरोबर दिसतं.

खाणीतून ट्रक ओढून घरामागच्या अंगणात आणला आणि दोघं भंगारवाल्याकडे गेले. त्याच्या वाड्यात मोडक्या गाड्यांच्या तीन ओळी होत्या. भंगारवाला खुर्चीतून न उठता पायाने दिशा दाखवायचा. दाजींच्या ट्रकचा ॲक्सल नव्हता. मात्र त्याच कंपनीच्या एका बसक्या गाडीचा होता. लांबी तीच, ब्रेकचे ड्रम तेच, आतली दातेरी चाकंही तशीच. मेहुण्याने दांडा हाताने फिरवून पाहिला, कान लावला, बोट आत घालून तेल चोळून पाहिलं. तेलात लोखंडाचा कीस नव्हता.

फरक एकच होता. दाजींच्या ट्रकचे पाटे ॲक्सलच्या वरून जात. त्या बसक्या गाडीचे खालून. त्यामुळे पाटे ज्यावर टेकतात त्या लोखंडी बैठका या ॲक्सलला खालच्या अंगाला जोडलेल्या होत्या.

“त्यात काय,” भंगारवाला म्हणाला. “खालच्या कापायच्या, वर जोडायच्या. कोणी वेल्डर बघा.”

दाजींनी मेहुण्याच्या हातांकडे पाहिलं. गप्प राहून बोलायची त्यांना सवय होती. मेहुणा ॲक्सलभोवती एक फेरी मारून आला, खाली बसला, पुन्हा उठला.

“कापायची गरज नाही,” तो म्हणाला. “ॲक्सलच पालथा घालू. बैठका आपोआप वर येतील.”

भंगारवाला पहिल्यांदाच खुर्चीतून उठला. त्याने ॲक्सलकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, एवढी वर्षं लोखंड विकतो, पण हे मला सुचलं नसतं. दाजींचा चेहरा उजळला. परत येताना भाड्याच्या टेम्पोत त्यांनी मेहुण्याला ॲक्सलजवळ मागे न बसवता पुढे केबिनमध्ये शेजारी बसवलं, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला टेम्पो थांबवून सांगितलं, आमच्या मेहुण्याचं डोकं बघा.

जुना ॲक्सल काढायचं काम दमवणारं निघालं. ट्रकचं मागचं अंग जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे रचले. ॲक्सल पाट्यांशी आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या नटांवर गंजाची साल चढली होती; रॉकेल सोडायचं, थांबायचं, पाइप अडकवून दोघांनी लोंबकळायचं. एकदा पान्हा सटकला आणि दाजींच्या हाताच्या सांध्यांची कातडी निघाली. त्यांनी हात तोंडात धरला, थुंकले आणि दुसऱ्या हाताने लागले. ताई पाणी घेऊन यायची, कोणाला काय हवं ते न विचारता बरोबर तेच हत्यार पायाने पुढे सारायची आणि जायची. दाजींची म्हातारी आई ओट्यावरून बघत होती. ट्रक पोटाखालून मोकळा झाला तेव्हा ती म्हणाली, खालचं सगळं काढून ठेवलंत, आता वरचंही काढा म्हणजे कोंबड्या तरी ठेवता येतील.

नवा ॲक्सल पालथा घालून, दोऱ्या बांधून, घसटत आत नेला. बैठका नेमक्या पाट्यांखाली आल्या. दाजींनी खूश होऊन चाकावर थाप मारली.

पोटावरचं तेल सोडायचं बूच आता वर आलं होतं, आणि हवा जायचं भोक खाली. मेहुण्याच्या हे लक्षात आलं. बूच असं आकाशाकडे तोंड करून बसलेलं त्याने कुठल्याही गाडीत पाहिलं नव्हतं. क्षणभर तो थांबला. डोक्यात काहीतरी उघडायला लागलं होतं. मग दाजींनी ‘बोल्ट दे’ म्हणून हाक मारली आणि त्याने ते उघडू दिलं नाही. खालचं भोक त्याने बुचाने बंद केलं, वरचं बूच काढून तिथे हवेची नळी बसवली. कामात काम झालं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ट्रक चाकांवर उभा राहिला. बातमी पसरलीच होती. अंगणाच्या कुंपणाला माणसं टेकली. मुकादमही घरी जाताना वाट वाकडी करून आला, कारण दुसऱ्या दिवशीची रांग त्याला ठरवायची होती. दाजी मुद्दाम संथपणे केबिनमध्ये चढले. मेहुणा समोर उभा राहिला, गाडी बाहेर घ्यायला हात करत.

इंजिन लागलं. दाजींनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि ट्रक मागे गेला.

मागे पाण्याचं पिंप होतं. ते आडवं झालं. दाजींनी ब्रेक मारला, गिअरच्या दांड्याकडे पाहिलं, पुन्हा नीट पहिला टाकला. ट्रक पुन्हा मागे गेला आणि वाळत घातलेल्या चादरी अंगावर घेऊन थांबला. दाजींनी दुसरा टाकून पाहिला. तोही मागेच, जरा जोरात. मग त्यांनी सगळ्यात शेवटी, जणू कोणाला दिसू नये असा, रिव्हर्स टाकला. ट्रक दिमाखात पुढे आला, अंगावर चादर घेऊन.

कुंपणाला टेकलेली माणसं पुढे झुकली. मग पंक्चरवाला शांतपणे म्हणाला, “मुकादम, दगड बंधाऱ्यावरून परत खाणीत न्यायचे असले तर ही गाडी सांगा.”

त्यानंतर कोणाला हसू आवरलं नाही. एकजण म्हणाला, चार गिअर मागे जायला आणि एक पुढे, हा तर घरजावयाचा ट्रक झाला. दुसऱ्याने त्याला सुधारलं, घरजावई नाही, घरमेहुणा. मुकादमही हसला, पण कामाचा माणूस असल्यामुळे लवकर थांबला. दाजींच्या खिडकीपाशी जाऊन म्हणाला, उद्याची जागा मी दुसऱ्याला देतो. परवा सकाळी गाडी रांगेत दिसली तर ठीक. नाही तर जागा गेली म्हणून समजा, या कामापुरती तरी.

मेहुणा समोर तसाच उभा होता, हात अजून हवेत. मघाशी बंद केलेलं आता त्याच्या डोक्यात सताड उघडलं. ॲक्सल पालथा झाला, की पोटातलं मोठं दातेरी चाक लहान चाकाच्या डावीकडचं उजवीकडे जातं. लहान चाक तिकडेच फिरतं, मोठं उलटं फिरतं. इतकं साधं. शाळेतल्या मुलाने दोन बांगड्या घेऊन दाखवावं इतकं.

दाजी केबिनमधून उतरले आणि त्याच्याकडे न बघता घरात गेले. ताई चादर काढत होती. चादरीवर ग्रीसचा पट्टा उमटला होता. ती त्यावर नखाने खरवडत राहिली. माणसं पांगल्यावर ती त्याच्यापाशी आली.

“तुला जोडायचं नव्हतं,” ती म्हणाली. “म्हणून उलटा घातलास. हो ना?”

तो पिंप उभं करायला वाकला. पिंप रिकामं होतं, तरी त्याला ते उचलायला वेळ लागला.

“हो,” तो म्हणाला.

ती आणखी काही बोलेल म्हणून तो थांबला. ती चादर घेऊन धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटतानाच ट्रकखालून ठोकाठोक ऐकू आली. दाजी एकटेच यू-बोल्ट सोडत होते. मेहुणा जाऊन दुसऱ्या बाजूला लागला. दोघांनी ॲक्सल बाहेर काढला, सुलटा केला. मग दाजी सायकल घेऊन बाजारात गेले. तिथला वेल्डर बंधाऱ्याच्या लोखंडी दारांवर अडकला होता. त्याने माणूस दिला नाही, मशीन तेवढं दिलं. दाजी ते हातगाडीवर घालून आले, शेजारच्या पिठाच्या गिरणीवरून त्यांनी वायर ओढली, ग्राइंडरने खालच्या बैठका कापून काढल्या आणि एक बैठक ॲक्सलवर ठेवून स्वतः होल्डर हातात घेतला.

त्यांनी मेहुण्याला सांगितलं नाही, विचारलं नाही, टोमणाही मारला नाही. ताई त्यांच्या डोळ्यांसमोर काळी काच धरून उभी राहिली. वेल्डिंगचा रॉड टेकला, चिकटला. दाजींनी तो हिसडून काढला, पुन्हा टेकवला. ठिणग्या उडाल्या, एक त्यांच्या मनगटावर बसली, पण त्यांनी हात हलवला नाही. हळूहळू शिवणीसारखं काहीतरी तयार झालं. दाजी मागे सरून त्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर थोडी आशा होती.

मेहुणा दूर उभा होता, पण त्याला तिथूनही दिसत होतं. धातू वरवर बसला होता, कपड्यावर मेणबत्ती गळावी तसा. खालच्या लोखंडाने त्याला घेतलंच नव्हतं. रिकामी गाडी त्यावर खुशाल चालेल. भरली की खाणीच्या चढावर बैठक सुटेल, पाटे सरकतील, ॲक्सल फिरेल. केबिनमध्ये दाजी असतील. वर्षभर कुठे होल्डर दिसला की तो मान फिरवायचा. या वेळी होल्डर दुसऱ्याच्या हातात होता, आणि त्याला मान फिरवता येईना.

तो पुढे गेला. हातोडी घेऊन त्याने शिवणीवर एक आडवा घाव घातला. बैठक टणकन उडाली आणि मातीत पडली.

दाजींनी मातीतल्या बैठकीकडे पाहिलं. मग हातमोजे काढले आणि त्याच्यापुढे धरले.

“रॉड ओले आहेत,” मेहुणा म्हणाला. त्याने हातमोजे घेतले. “आधी भाजायला लागतील.”

रॉड म्हातारीच्या तव्यावर भाजले गेले. ती म्हणाली, या घरात आता लोखंडच खायचं राहिलंय. पण चूल तिनेच मंद ठेवली आणि रॉड तिनेच उलटेपालटे केले. तोवर मेहुण्याने ॲक्सल घासून पांढरा केला, पाट्यांमधलं अंतर दोऱ्याने घेतलं, बैठका एकमेकींना समांतर बसतात का ते चार चार वेळा पाहिलं. मग काच लावली.

पहिल्या ठिणगीलाच रॉड चिकटला. त्याने तो काढला, मनगट गुडघ्यावर टेकवलं आणि श्वास सोडत पुन्हा टेकवला. काचेआड सगळं जग काळं झालं आणि मधोमध तेवढा एक हिरवट थेंब उरला, वितळलेला, हलणारा, दोन्ही बाजूंचं लोखंड आपल्यात ओढून घेणारा. तो थेंब पुढे न्यायचा, पण मागे सोडायचा नाही. हात ते विसरला नव्हता.

बोटभर जोडलं की तो थांबे, बाजू बदले. एकाच जागी उष्णता दिली तर ॲक्सल वाकेल आणि चाकं वाकडी चालतील, असं त्याने दाजींना सांगितलं, आणि दाजींनी मान हलवली. इतक्यात रॉड फुरफुरायला लागला. शेजारी गिरणी सुरू झाली होती, वीज तिकडे ओढली जात होती. आता दिवसभर गिऱ्हाईक येणार.

म्हातारी उठली. घरातून धान्याची एक पिशवी काढून ती गिरणीच्या दारात गेली आणि रांगेत पहिली जाऊन बसली. आधीचं दळण संपल्यावर गिरणीवाल्याने पिशवी मागितली, तेव्हा ती म्हणाली, थांब, खडे राहिलेत. ती एकेक दाणा बोटांनी बाजूला करत बसली. मागची माणसं कुरकुरली; तिला ऐकू येत नव्हतं. गिरणीवाला हात जोडून आला, तिला दिसतही नव्हतं. इकडून ठिणग्यांचा प्रकाश थांबे तेव्हा ती पिशवीचं तोंड बांधायला घेई, पुन्हा लखलखलं की परत सोडी. ताई तिला तिथेच चहा देऊन आली.

डावी बैठक झाल्यावर मेहुण्याने वर गोठलेली काळी मळी ठोकून उडवली आणि शिवणीवर वाकून राहिला. एका टोकाला काळा ठिपका होता, मोहरीएवढा. आत मळी अडकली होती.

“दिसत तर चांगलं आहे,” दाजी म्हणाले.

“दिसतंय,” मेहुणा म्हणाला, आणि त्याने ग्राइंडर लावून ते सगळं टोक खरवडून काढलं. दाजी मावळतीकडे बघत होते. अजून दुसरी बैठक, मग पाटे, चाकं, ब्रेक, सगळं बाकी होतं. त्यांनी घाई केली नाही. त्यांनी पुढचा रॉड तव्यावरून आणला, फडक्यात धरून, आणि त्याच्या हातात दिला.

सकाळी ट्रक रांगेत होता. पहिला गिअर टाकला की पुढे जात होता, आणि त्यावरही लोक हसले. यंत्राच्या तोंडातून दगड पडायला लागले तसे पाटे चेपत गेले. मेहुणा चाकाशेजारी उकिडवा बसून बैठकांकडे बघत होता. प्रत्येक दगडाला त्याचे खांदे वर जात.

बंधाऱ्यावर जायला एक चढ होता, मातीचा, खडा. भरलेली गाडी तिथे चढताना मागे एक माणूस लाकडी उटी घेऊन चालायचा. गाडी मागे घसरली तर चाकाखाली ती घालायची. काही तुटलं तर पहिला तोच सापडायचा. दाजींनी खिडकीतून डोकं काढून मेहुण्याला वर येऊन बस म्हटलं, उटीला दुसरा कोणी घेऊ. मेहुणा उटी खांद्यावर घेऊन मागे उभा राहिला.

अर्ध्या चढावर पुढची गाडी अडली आणि दाजींना थांबावं लागलं. सगळा भार मागे आला. मेहुण्याने उटी सरकवली आणि मान वाकवली. कुठेतरी कुरकुरलं. पण तो पाट्यांचाच आवाज होता, जुना, रोजचा. शिवण जिथे होती तिथेच होती. पुढची गाडी हलली, दाजींनी क्लच सोडला, चाकं माती उडवत वर चढली.

त्या दिवशी प्रत्येक खेपेला तो मागून चालला. दुसऱ्या दिवशीही. घामाने शर्ट पाठीला चिकटे, धुळीने पापण्या पांढऱ्या होत, आणि नजर त्या एका जागेवर. दाजींनी दरवेळी वर ये म्हटलं नाही. दरवाजा तेवढा उघडा ठेवत.

एका दुपारी खाणीत दगड भरायला वेळ लागत होता. मेहुणा सावलीसाठी म्हणून केबिनमध्ये चढला आणि खिडकीला डोकं टेकून बसला.

जाग आली ती वाऱ्याने. समोर सगळं पाणी दिसत होतं, लांबवर, उन्हात चमकणारं. ट्रक बंधाऱ्याच्या माथ्यावर उभा होता, मागे दगड जसेच्या तसे भरलेले. तो दचकून सरळ बसला. चढ मागे राहिला होता.

“मागे उटीला कोण होतं?” त्याने विचारलं.

“कोणी नव्हतं,” दाजी म्हणाले. ते स्टिअरिंगवर हात ठेवून पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी हॅण्डब्रेक ओढला. “उतर आता. मागचा फाळका पाड, गाड्या खोळंबल्यात.”